दोन आखूड दांडे

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला आग्रहाने एका गॅरेजमध्ये नेले. एम.ए.ला असताना हा मुलगा आत्मचरित्रांवर उत्तम टिपणे लिहीत असे. आता तो बँकेत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार मावळातल्या चिखलात गाडी घालून ती बाहेर काढण्यात घालवतो. जुनी महिंद्र जीप त्याने जवळजवळ भंगाराच्या भावात घेऊन पुन्हा उभी केली आहे. गाडीच्या पोटातले एक झाकण उघडलेले होते. त्याने माझ्या तळहातावर औषधाच्या गोळीएवढा पोलादी तुकडा ठेवला आणि म्हणाला, "सर, एवढं काढून टाकलं की हे दोन दांडे एकमेकांपासून मोकळे."

ज्या दोन दांड्यांविषयी तो बोलत होता, ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यांचे काम मात्र मला त्या दिवशी प्रथमच समजले.

जुन्या जीपमध्ये चालकाच्या बाजूला जमिनीतून तीन दांडे वर आलेले असतात. उंच दांडा नेहमीच्या गिअरचा. उरलेले दोन आखूड दांडे 'ट्रान्सफर केस' नावाच्या पेटीचे. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून या पेटीत येते आणि येथून पुढच्या व मागच्या आसाकडे जाते. एक आखूड दांडा पुढच्या चाकांना शक्ती द्यायची की नाही हे ठरवतो. दुसरा, चाके नेहमीच्या गतीने फिरवायची की मंद गतीने, हे ठरवतो. मंद गतीत चाकांचा वेग घटतो आणि त्याच प्रमाणात त्यांचा जोर वाढतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये हे प्रमाण दुपटीहून किंचित कमी होते. युद्धानंतर नागरिकांसाठी केलेल्या जीपमध्ये ते सुमारे अडीचपट झाले. १९४७ पासून महिंद्रने आपल्याकडे विलीजच्या जीप आणल्या आणि जोडल्या. १९५३ साली अमेरिकेत निघालेले उंच नाकाचे सीजे-३बी हे मॉडेल तिकडे १९६८ मध्ये बंद झाले, पण आपल्या घाटांत ते त्यानंतरही कितीतरी वर्षे नवे म्हणून विकले जात होते.

माझ्या तळहातावरची गोळी या दोन दांड्यांच्या सळयांच्या मध्ये बसते. पुढची चाके जोडलेली नसतील तर ती मंद गती लागू देत नाही. आणि मंद गती लागलेली असताना पुढची चाके सोडवू देत नाही. कारण सरळ आहे. वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या आसावर पडला तर तो तुटण्याचा संभव असतो. तो चार चाकांत वाटला गेला पाहिजे. डोंगरात गाडी घालणाऱ्यांना मात्र ही गोळी जाचते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात, आणि जीपमध्ये दोन आसांच्या गतीतला हा फरक सामावून घेणारी मधली सोय नाही. त्यामुळे चारही चाके जोडलेली असली की अरुंद वळणावर गाडी अडते, स्टिअरिंग जड होते. मंद गती हवी, पण जोर फक्त मागच्या चाकांना, असे त्या क्षणी वाटते. गोळी काढली की ते साधते. पुढे आस जपण्याची जबाबदारी चालकाच्या हातावर येते, एवढाच काय तो फरक. आणि तो लहान नाही.

पुढे कारखान्यांनी दोन दांड्यांचा एकच केला. १९८० ते १९८६ या काळातल्या अमेरिकन सीजे जीपमध्ये 'डाना ३००' ही पेटी होती, तिला एक दांडा. आपल्याकडच्या मारुती जिप्सीतही एकच: दोन चाके, चार चाके, न्यूट्रल, चार चाके मंद, असे एका रेषेतले चार टप्पे. वापरायला हे सोपे, यात शंका नाही. पण 'किती चाके' आणि 'किती जोर' हे मुळात दोन वेगळे प्रश्न. एका रेषेत बसवले की त्यांच्या काही जोड्या गळतात. दोन चाकांवर मंद गती ही त्यातली एक. म्हणून अमेरिकेतले हौशी लोक त्या डाना ३००ला पुन्हा दोन दांडे बसवून घेतात. ब्रिटिशांची तऱ्हा आणखी निराळी. लँड रोव्हरच्या सीरीज गाड्यांत लाल मुठीचा एक दांडा आणि पिवळ्या मुठीचा एक दट्ट्या असे. लाल दांडा मागे ओढून मंद गती लावली की पुढची चाके आपोआप जोडली जात. हल्लीच्या कित्येक गाड्यांत तर दांडाच नाही. बटण दाबायचे, पुढचे काम एक छोटी मोटर करते. मला विचाराल तर मी दोन दांड्यांच्या बाजूचा आहे. माझे मत निःपक्षपाती मात्र नाही, आणि त्याचे कारण न्यूट्रल.

गतीचा जो आखूड दांडा आहे त्याला दोन गतींच्या मध्ये एक तिसरी जागा असते. तेथे तो ठेवला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. उंच दांडा मग कोणत्याही गिअरमध्ये असो. ही जागा हेतुपूर्वक ठेवलेली आहे. युद्धानंतर विलीजने जीप शेतकऱ्यांना विकली ती केवळ वाहन म्हणून नव्हे. गाडी उभी ठेवून तिच्या इंजिनावर पंप, करवत, मळणीयंत्र चालवता यावे अशीही योजना होती. त्या मधल्या जागेबद्दल गोळीचे काहीही म्हणणे नाही. यंत्र करणाऱ्यांनी आस जपला. दांड्याशी खेळणारे पोर त्यांनी हिशेबात धरलेले नव्हते.

१९७९ च्या श्रावणात मी अकरा वर्षांचा होतो. आप्पा एका सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते आणि आम्ही अकोले तालुक्यात, उतारावरच्या एका चाळवजा क्वार्टरमध्ये राहत होतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी एक ड्रम असतो, त्यावर तो लागतो. पेटीचे सील झिजले की तेल झिरपून ड्रमच्या आतले लायनिंग भिजते आणि ब्रेक धरेनासा होतो. आप्पांनी त्याबद्दल दोनदा लेखी कळवले होते. तोवर ते गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवत, आणि जास्त वेळ थांबायचे असेल तर चाकाखाली दगड लावत. त्या दिवशी ते भिजलेले कपडे बदलण्यापुरते घरी आले होते; दगड लावला नव्हता.

मी गाडीत जाऊन बसलो. उंच दांड्याला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. आखूड दांड्यांबद्दल कोणी काही बोलले नव्हते. त्यातला एक मी ओढला, तो खट् आवाज करून मध्ये येऊन थांबला. काहीच घडले नाही. आईने हाक मारली म्हणून मी उतरलो. ब्रेकने गाडी क्षणभर धरली असावी, कारण मी ओसरीवर पोचल्यानंतर ती निघाली. इंजिन बंद असल्यामुळे आवाजही नव्हता. खालच्या अंगाला शेजारच्या काकूंचा गोठा होता. भिंत पडली, आणि त्यांची दुभती गाय संध्याकाळपर्यंत गेली.

आप्पा उघड्या अंगाने धावले. कोणी जमायच्या आत त्यांनी गाडीत वाकून खाली कुठेतरी हात घातला आणि मग ते गोठ्याकडे वळले. मला वाटले, ब्रेक तपासत असतील.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पंचनाम्यात नोंद झाली की गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, आखूड दांडे आपापल्या जागी आहेत. अशी गाडी उतारावरून जाऊ शकत नाही, म्हणून ती न्यूट्रलमध्येच होती आणि चालकाने नंतर गिअर टाकला, असा निष्कर्ष निघाला. आप्पा एकच वाक्य बोलत राहिले: "साहेब, गाडी गिअरमध्येच होती." त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली, गायीची किंमत पगारातून हप्त्याहप्त्याने गेली, आणि आदेशात 'निष्काळजीपणा'च्या जोडीला 'दिशाभूल' हा शब्द आला. पैशाचे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. त्या शब्दाचे मात्र निवृत्तीनंतरही काढत.

मी आयुष्यभर स्कूटर चालवली. वर्गात तीस वर्षे मी निवेदकावर विश्वास ठेवावा की नाही, याची चर्चा केली. घरातल्या या प्रकरणात मात्र मी मनोमन साहेबांच्याच बाजूचा होतो. आप्पा गिअर टाकायला विसरले आणि ते कबूल करायला भ्याले, असे मी धरून चाललो होतो. थोडा लाजतही होतो. माझ्या हातून सरकलेला तो बुटका दांडा मला आठवत नव्हता असे नाही. पण त्याचा गाडी थांबण्याशी काही संबंध असेल, असे कधी मनातही आले नाही.

त्या दिवशी गॅरेजमध्ये विद्यार्थ्याने गोळी तूर्त जागेवर ठेवून झाकण बसवले. उंच दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकला, आखूड दांडा मध्ये आणला, हँडब्रेक सोडला आणि एका हाताने जीप ढकलली. "बघा सर, गिअरमध्ये आहे, तरी चालली." मी त्याला ते पुन्हा करून दाखवायला सांगितले.

साहेब म्हणत होते ते न्यूट्रल आणि आप्पा म्हणत होते तो गिअर, दोन्ही त्या दुपारी एकाच गाडीत होते. आखूड दांडा मध्येच राहिला असता तर साहेबांनाही ते दिसले असते. मग पुढचा प्रश्न तो तेथे कोणी नेला हाच झाला असता.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा अर्थ मी इतकी वर्षे चुकीचा लावला. त्या प्रसंगानंतर दोनेक महिन्यांनी आप्पांनी मला जीपमध्ये शेजारी बसवून माझा हात त्या आखूड दांड्यावर ठेवला आणि तो मागेपुढे करून दाखवला. मध्ये खट् झाले तेव्हा म्हणाले, "इथं हात थांबू द्यायचा नाही, बाळ." ते मला गाडी शिकवायला लागले, असे समजून मी खूश झालो होतो. २००४ साली ते गेले.

"गोळी ठेवू की काढू, सर?" निघताना विद्यार्थ्याने विचारले. तुझी गाडी, तू ठरव, असे मी म्हणालो. पण आधी हँडब्रेकपाशी झिरपणारे ते सील बदलून घे. चार दिवसांनी त्याचा फोन आला, सील आणि लायनिंग दोन्ही नवी टाकली होती.