ओळखीची जाहिरात

व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये जाहिराती येणार, अशी घोषणा जून २०२५मध्ये झाली, तेव्हा आनेकल तालुक्यातल्या आमच्या सोसायटीत कुणी फारसं दचकलं नाही. आमच्या स्टेटसचा बाजार कधीच भरला होता. चकलीची भाजणी, पैठण्यांचं प्रदर्शन, कुणाचा तरी भाड्याने द्यायचा फ्लॅट, आणि मधूनच एखाद्या नातवाचं बारसं. होसूर रस्त्याच्या वाहतुकीला भिऊन गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात एखाद्या गणपतीलाच पोचणारे आम्ही मराठी लोक एरवी एकमेकांना दिसतो ते तिथेच.

धक्का बसायला हवा होता तो जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांना. याहूमध्ये उमेदीची वर्षं घालवून, जाहिरातींच्या कारभाराला विटून या दोघांनी २००९मध्ये व्हॉट्सॲप उभं केलं. कूमच्या टेबलावर ॲक्टनने लिहिलेली चिठ्ठी असे : जाहिराती नकोत, खेळ नकोत, चाळे नकोत. जाहिरात आली की कंपनीतले हुशार इंजिनियर गिऱ्हाइकाची माहिती चिवडण्यात दिवस घालवतात, असं कूमने २०१२मध्ये लिहिलं होतं. त्यापेक्षा वर्षाला एक डॉलर घेऊ, असा त्यांचा सरळ हिशोब. २०१४मध्ये फेसबुकने १,९०० कोटी डॉलरना कंपनी घेण्याचा सौदा केला, २०१६मध्ये तो डॉलरही माफ झाला. ॲक्टन २०१७मध्ये बाहेर पडला, कूम २०१८मध्ये.

मला याचा संताप येत नाही. तो डॉलर आमच्याकडून वसूल करायचा म्हटलं असतं तर? टँकरच्या पाण्याचे पैसे देताना महिनाभर घोळ घालणारी माणसं आम्ही. ‘उद्यापासून व्हॉट्सॲपला पैसे पडणार, हा मेसेज वीस जणांना पाठवा’ हे वाचून ज्यांनी तो खरंच पाठवला, त्यांना फुकटेपणाची किंमत विचारण्यात अर्थ नाही.

जाहिरातीचं वावडंही मला नाही. १९५७मध्ये सुरू झालेल्या विविधभारतीवर १९६७च्या नोव्हेंबरात जाहिराती आल्या, पहिल्यांदा मुंबई, पुणे, नागपूरला. आमच्या आधीच्या पिढीने त्या गाण्यांइतक्याच पाठ केल्या. पण अख्ख्या चाळीला एकच जाहिरात ऐकू येई, तिची टिंगल सगळ्यांना मिळून करता येई. स्टेटसमधली जाहिरात ज्याची त्याला वेगळी. शहर कोणतं, भाषा कोणती, कुठले चॅनेल बघता, कुठल्या जाहिरातीवर बोट ठेवता, यावरून ती ठरते. खासगी निरोप त्यासाठी वाचले जात नाहीत, असं कंपनी सांगते. ते मी मान्य करतो. तरी माझ्यासारख्याचं काय करावं हा प्रश्न त्या यंत्रालाही पडत असणार : फोन मराठीत, पत्ता बंगळूरचा, आणि अत्तिबेले ओलांडलं की तामिळनाडू. मला जिगणीकडचे प्लॉट दिसतात. शेजाऱ्याला काय दिसतं ते तोच जाणे.

आमच्या इमारतीतल्या एक वहिनी हापूस मागवतात. ‘देवगड, दोनच पेट्या उरल्या’ हे त्यांचं स्टेटस एप्रिलभर असतं आणि त्या दोन पेट्या काही संपत नाहीत. ही जाहिरातच, वर थोडी खोटी. पण ते स्टेटस कुणी पाहिलं हे त्यांना कळतं, आणि आंबे डागी निघाले तर लिफ्टमध्ये त्या मला सापडतात. गेल्या मोसमात सापडल्या. लिफ्ट तळमजल्याला पोचेपर्यंत त्यांनी कोकणातल्या अवकाळी पावसापासून माझ्या माळ्यावरच्या उकाड्यापर्यंत सगळ्यांना दोष दिला, आणि संध्याकाळी मुकाट्याने आंबे बदलून दिले.

त्यांच्या मुलाने परवा सुचवलं, पैसे भरून रीतसर जाहिरात कर, सगळ्या बंगळूरला दिसेल. त्यांनी साफ झिडकारलं. ‘अनोळखी माणूस डागी आंबा घेऊन आला,’ त्या म्हणाल्या, ‘तर तो आंबा माझाच कशावरून?’