तेवढेच तुकडे
ट्रान्सफॉर्मर्स म्हटलं की हल्ली मायकेल बेचे चित्रपट आधी डोळ्यांपुढे येतात: कानठळ्या बसवणारे स्फोट आणि क्षणात मोटारीचा होणारा महाकाय रोबो. खेळणं मात्र या चित्रपटांहून बरंच जुनं, आणि स्वतःच्या कथेहूनही जुनं. जपानच्या पॉपी कंपनीने १९७४ साली माझिंगर झेड हा रोबो ओतीव धातूत आणला; पुढच्या वर्षी आलेल्या रायदीनचा तर पक्षी होऊ लागला. १९८० मध्ये ताकारा या दुसऱ्या जपानी कंपनीची ‘डायक्लोन’ ही खेळण्यांची मालिका निघाली आणि दोन वर्षांत तिच्यात खऱ्या मोटारींच्या प्रतिकृती आल्या, ज्यांचे रोबो होत. आत बसायला पायात चुंबक असलेला इंचभर उंचीचा चालक असे. म्हणजे ही बोलणारी-चालणारी पात्रं नव्हतीच, माणसाने हाकायची यंत्रं होती. ताकाराच्याच ‘मायक्रोमॅन’मध्ये १९८३ साली कॅसेट प्लेअर, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल अशा वस्तूंमधून रोबो निघू लागले. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने दोन्हीकडचे साचे घेतले, मार्व्हल कॉमिक्सकडून कथा रचून घेतली, तिथल्या बॉब बुडियान्स्कींनी बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले, आणि १९८४ मध्ये हा सगळा गोतावळा एका नावाखाली दुकानात आला. त्यात मापांचा पार घोळ होता. अवजड ट्रक कित्येक पटींनी लहान केलेला, कॅसेट प्लेअर जवळजवळ मूळ मापाचा, आणि रोबो झाल्यावर दोघे साधारण एकाच उंचीचे! मुलांचं यामुळे काही अडलं नाही, कारण त्यांचं लक्ष प्रमाणाकडे नव्हतंच.

ते होतं घडणाऱ्या बदलाकडे. बहुरूपी वेश बदलतो तो आडोशाला. आपल्यापुढे येतो तेव्हा पोलीस होऊन आलेला असतो. इथे आडोसाच नाही. ट्रकच्या काचा रोबोच्या छातीवर जाताना दिसतात, हात कुठून निघाले ते कळतं, आणि तरी मौज कमी होत नाही. ठोकळ्यांचं घर मोडल्याशिवाय त्यांचा पूल होत नाही. या खेळण्यात मोडायचं काही नाही, बाहेरून आणायचंही नाही. प्रत्येक तुकड्याला दोन कामं आहेत आणि दुसरं काम तो पहिल्यात लपवून बसतो. घड्यांचा क्रम दाखवणारा कागद लवकरच हरवतो. तोवर क्रम बोटांत मुरलेला असतो, आणि न पाहता सांधा फिरवता येणं ही लहान वयात फार मोठी मालकी वाटते.

यावर रोकडा आक्षेप असा, की हा सगळा टीव्हीचा प्रताप. त्यात तथ्य आहे. रेगन यांच्या काळात अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांवरचे जाहिरातविषयक निर्बंध सैल झाले आणि खेळण्यांवर बेतलेल्या मालिकांचा पूर आला. ट्रान्सफॉर्मर्सची मालिका म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरातच. पण जपानच्या बान्दाई कंपनीच्या रोबोंना ‘गोबॉट्स’ नाव देऊन टोंका कंपनीने त्याच सुमारास अमेरिकेत आणलं, त्यांचीही मालिका निघाली, तरी काही वर्षांत ते मागे पडले. उलट डायक्लोन टीव्हीवरच्या मालिकेशिवाय चालली होती. कोणता ब्रँड टिकेल हे कथेने ठरवलं असेल. रूप बदलणारं खेळणं हवंसं का वाटलं, ते कथा सांगत नाही.

याहून अवघड पुरावा १९८६ चा. नव्या खेळण्यांना जागा करण्यासाठी त्या वर्षीच्या ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटात ट्रकचा रोबो होणाऱ्या नायकाला, ऑप्टिमस प्राइमला, मारलं. मुलं इतकी हळहळली की पुढच्या वर्षी त्याला परत आणावं लागलं. प्लॅस्टिकच्या सांध्यांसाठी कोणी रडत नाही, हे मान्य. पात्राचा जिव्हाळा खराच होता. पण मेला तो नायक घरोघरी मुलांनी स्वतःच्या हातांनी शंभरदा उभा केलेला होता, हे त्या दुःखातून वजा कसं करणार?

ती मुलं मोठी झाली आणि २००३ मध्ये ताकाराने त्यांच्यासाठी महागडी ‘मास्टरपीस’ मालिका काढली. किचकट सांधे, बारीक खटके. एकेक रूप बदलायला बराच वेळ लागतो. निव्वळ आठवणींचा बाजार असता, तर न हलणारा सुबक पुतळाही पुरला असता. २०२१ मध्ये रोबोसेन कंपनीने हुकूम दिला की आपोआप ट्रक होणारा ऑप्टिमस प्राइम आणला, तेव्हाची किंमत सुमारे ७०० डॉलर. त्याच्या पोटातली यंत्रकारागिरी थक्क करणारी आहे, यात वाद नाही. फक्त आपण करायचं ते काम तोच करतो, आणि एवढे पैसे मोजणाऱ्याला समोर बसून बघत राहावं लागतं.