गुजरीतला मासा

पहाटे पाचच्या सुमारास पुण्याची एस.टी. कोल्हापूरच्या स्टँडवर टेकली, तेव्हा मी छातीशी धरलेल्या पिशवीत साडेतीन तोळ्यांचे पाप होते.

पाप माझे स्वतःचेच. आईचा कोल्हापुरी साज भाचीने लग्नात घालायचा, हे आईने जाण्याआधीच ठरवून ठेवले होते. तुळशीची लग्ने उरकली की मुहूर्त. साज लखलखीत करून ताईच्या हाती द्यावा, अशी मला हौस आली. पातेल्यात पाणी उकळले, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि साज सोडला. थोड्या वेळाने पाण्याला तांबूस रंग चढला. साज बाहेर काढताना दोन जवमणी बोटांखाली चेपले ते चेपलेच! ताईला काही न सांगता मी रातोरात गाडी धरली.

साज कोल्हापूरचा, तेव्हा त्याचे वैद्यही तिथेच. अंबाबाईच्या देवळापासून चार पावलांवर गुजरी आहे. दिवसा या गल्लीत झगमगाट असतो. पण खरी गुजरी पाहायची तर दुकाने उघडण्यापूर्वी जावे. अंधुक उजेडात काही माणसे वाकून रस्ता झाडत होती. आधी मला ते झाडूवाले वाटले. पण त्यांचा झाडू फरशीच्या फटीफटीतून फिरत होता आणि धूळ घमेल्यात जपून भरली जात होती. हे झारेकरी. सोनारांच्या दुकानांतून, कारागिरांच्या कपड्यांतून, चपलांच्या तळव्यांतून जे कण रस्त्यावर येतात, ते ही माणसे धुळीतून धुऊन काढतात. सोने झिजते, हे पुस्तकात वाचले होते. त्या झिजेवर चूल पेटते, हे तिथे पाहिले.

दहा वाजता एका माडीवरच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, चार बैठी मेजे आणि बारीक शेगड्या. म्हाताऱ्या कारागिराने साज तळहातावर घेतला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे पाहिले.

“काय ओ, च्या केलासा व्हय ह्याचा?”

मी कबुली दिली.

“साजात सोनं पत्र्यापुरतं. आत समदी लाख. लाखंला नुसती ऊब सोसत न्हाई, अन् तुम्ही सरळ उकाळलासा!”

वाचकहो, साज मी जन्मभर पाहिला होता, पण तो आतून कसा असतो हे ठाऊक नव्हते. मणी आणि पाने पातळ पत्र्याची. त्यांना आकार देते ती आतली लाख. पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी ती मऊ पडते आणि सोड्यात तर विरघळू लागते. मग मणी चेपायला बोटाचे ओझेही पुरते. परंपरागत साजात एकवीस पाने: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचे, असा हिशेब सांगतात. त्यांतल्या पाचूलाही गरम पाणी वर्ज्य. त्याच्या बारीक चिरा झाकायला बहुधा तेल मुरवलेले असते. ते उतरले की चिरा डोळ्यांत भरतात.

म्हाताऱ्याने भिंग लावून एकेक पान फिरवले. चंद्र, बेलपान, शंख, कासव. माशाशी मात्र तो थांबला आणि भिंग माझ्या हाती दिले. कासवाच्या पाठीवरच्या रेघा स्पष्ट होत्या. माशाची खवले मात्र पार पुसली गेली होती.

“ह्याला पावडरीनं घासायचं कोण?”

माझ्या अंगावर काटा आला. दर दिवाळीला आई साज पुसायला माझ्याकडे देई आणि मी मासा आवडता म्हणून तोच दंतमंजनाने जास्त घासत असे! मंजनातली खडू सोन्याहून कठीण असते, हे त्या पोराला कुठले ठाऊक? बावीस कॅरट सोने मऊच. प्रत्येक घाशीत कण जातो.

“मणी करून देतो,” म्हातारा म्हणाला. “लाख काढायची, पत्रा सारका करायचा, नवी भरायची. खवलं काय येत न्हाईत. ते सोनं झारेकऱ्यालाबी गावायचं न्हाई. तुमच्या मोरीतनं गेलं ते.”

मग त्याने न विचारता पथ्य सांगितले. साज पाण्यात बुडवूच नये; रिठ्याच्या कोमट पाण्यात फडके बुडवून, घट्ट पिळून, त्याने पुसावा. लगेच कोरडे फडके. घासणे नाही. मोत्यांना तर लिंबू, चिंच, अत्तर यांचा वाराही नको; आंबटाने मोती विरघळतो. दोरा मळला की पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावे, तुटायची वाट पाहू नये. चांदीला हवेतला गंधक बाधतो. हुपरीच्या पैंजणांना रबरबँड बांधून ठेवणारी माणसे पाहून त्याला हसू येते म्हणे. (आमच्या घरी तसेच बांधलेले आहेत. मी गप्प राहिलो.)

साज संध्याकाळी मिळायचा होता. अशा मनःस्थितीत मिसळही तिखट लागत नाही. मनगटावर वडिलांचे एच.एम.टी.चे ‘जनता’ होते. 1961 साली जपानच्या सिटिझनच्या साह्याने बंगळुरात एच.एम.टी.ची घड्याळे बनू लागली. 2016 मध्ये तो धंदा गुंडाळण्याचा निर्णय झाला. माझे घड्याळ मात्र थांबायला तयार नव्हते. उलट महिनाभर ते रोज दहा-दहा मिनिटे पुढे पळत होते. एका बोळात घड्याळजी दिसला, तिथे बसलो.

त्याने घड्याळ उघडलेही नाही. वर होकायंत्र धरले, काटा थरथरला.

“रात्री मोबाईलवर ठेवता का?”

ठेवत होतो. लोहचुंबकाने आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना चिकटतात आणि घड्याळ धावू लागते. एका छोट्या यंत्रावरून फिरवून त्याने ते मिनिटभरात ताळ्यावर आणले. चावी रोज ठरल्या वेळी, तीही मनगटावरून काढून द्यावी, हातात असताना दिल्यास दांडी तिरपी ओढली जाते, असे त्याने बजावले. डायलवरच्या सतरा ज्वेल्स म्हणजे आतली कृत्रिम माणके. त्यांच्यात चाकांची टोके फिरतात, आणि तिथले तेल चार-पाच वर्षांत सुकते. “चालतंय म्हणून तेल देत नाहीत लोक,” तो म्हणाला. “सुकलेल्या तेलावरबी चालतंय की. झिजत चालतंय.”

दिवे लागले तेव्हा साज हातात आला. मणी गोल झाले होते. मासा तसाच गुळगुळीत. म्हाताऱ्याने तो जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिला आणि मजुरी अशी सांगितली की मला दोनदा विचारावे लागले.

दुसऱ्या दिवशी ताईकडे गेलो. तिने साज उजेडात धरला, एकेक पान फिरवले आणि माशावर बोट ठेवले.

“आईचं बोट सारखं इथंच फिरायचं, नाही रे? बघ, खवलं गेली अगदी. किती जपलंय तिनं!”

मी मनगटावरचे घड्याळ काढले आणि त्याला चावी देऊ लागलो. सकाळची चावी देऊन झाली होती, हे मागाहून आठवले.