गर्टीच्या आईबद्दल

पोंभुर्णा, नोव्हेंबर

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

तुझं प्रकरण मिळालं. इकडे धानाची कापणी चालू आहे, घरात माणसांची ये-जा आहे, तरी एका बैठकीत वाचून काढलं. एका जागी मात्र अडले. मुंबईत वॉर्डन रोडच्या घरात वॉल्टर कॉफमनची बायको गर्टी खिडकीशी उभी राहून प्रागहून येणाऱ्या आईच्या पत्रासाठी पोस्टमनची वाट पाहते आहे, हातातला चहा निवतो आहे, असं तू लिहिलं आहेस. तो परिच्छेद काढ. ती खिडकी तुझी आहे, तो चहाही तुझाच. जिची आई मारली गेली, तिच्या मनात आपण आपले शब्द घालू नयेत. त्याची गरजही नाही. युद्ध सुरू झालं तसं ब्रिटिश हिंदुस्थान आणि जर्मनांच्या ताब्यातलं प्राग यांच्यातलं साधं टपाल बंद झालं. उरला रेडक्रॉसचा छापील कागद, त्यावर २५ शब्द. मायलेकींना २५ शब्दांत काय बोलता येतं? वाचकाला एवढं सांग आणि थांब.

दुसरं काफ्काचं. प्रकाशकाला ते नाव मुखपृष्ठावर हवं असणार, हे मी समजू शकते. पण तुझ्या मजकुरात गर्टीची आई एल्ली जिथे येते तिथे ‘काफ्काची बहीण’ म्हणून येते. तो १९२४ साली गेला. त्यानंतर ती सतरा-अठरा वर्षं जगली, तिच्यावर जे गुदरलं ते सगळं त्यातलं. कागदांची अडचण मला कळते. एका बाजूला भावाचा पत्रव्यवहार आणि त्याची चरित्रं, त्यात ती फक्त पत्र घेणारी. दुसऱ्या बाजूला नाझींनी ज्यूंना ज्या गाड्यांतून नेलं त्यांच्या याद्या, त्यात नाव, जन्मतारीख २२ सप्टेंबर १८८९ आणि एक क्रमांक. या दोन्हींच्या मधे तिला शोधायचं आहे. १९२३ चा जुलै आहे ना तुझ्याकडे? एल्ली मुलांना घेऊन बाल्टिक समुद्रकाठी म्यूरित्सला गेली होती, आजारी भाऊ बरोबर होता. चरित्रकार तिथे डोरा डायमंटकडे वळतात, कारण त्या मुक्कामात ती काफ्काला भेटली. तू वळू नकोस. दहा-अकरा वर्षांची गर्टी, तिची भावंडं आणि आजारी भावाला सांभाळत उन्हाळा काढणारी आई, एवढ्यावरच थांब.

एल्लीची धाकटी बहीण ऑटला, तिची गोष्टही तुला ओढून नेईल. तेरेझीनच्या घेट्टोतून बियालिस्तोकच्या हजाराहून अधिक मुलांसोबत ती आपण होऊन निघाली आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये ऑश्विट्झला त्यांच्यासह मारली गेली. वाचताना माझा जीव गलबलतो. ते जरूर लिही, पण त्याच्या तेजात एल्ली फिकी पडेल असं लिहू नकोस. एल्लीच्या नावावर असा पराक्रम नाही. मारलं गेलेलं माणूस मोठं ठरावं म्हणून त्याच्या खात्यावर शौर्य लागत नाही. ती घर चालवणारी, तीन मुलांची आई होती. यापेक्षा जास्त तिने काय असायला हवं होतं?

१९४१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रागहून पोलंडमधल्या वूचच्या घेट्टोत पाच गाड्या गेल्या. प्रत्येकीत हजाराच्या आसपास माणसं, गाड्यांना ए ते ई अशी अक्षरं. २१ ऑक्टोबरच्या ‘बी’ गाडीत एल्ली आणि तिची धाकटी मुलगी हॅना. ३१ तारखेच्या ‘डी’ गाडीत मधली बहीण वाल्ली आणि तिचा नवरा. तिथून पुढे बहुधा खेल्मनोची संहार-छावणी. तिथे नेलेल्यांची एकेकाची नोंद होत नसे. बंद मोटारीत कोंडून इंजिनाच्या विषारी धुराने मारत. म्हणून एल्लीच्या मृत्यूचा दिवस सांगता येत नाही. तू घातलेली तारीख खोड आणि ‘१९४२’ एवढंच ठेव. प्रागला काफ्काच्या थडग्याशी तिघी बहिणींच्या नावाची पाटी आहे, तिचा उल्लेख चालेल.

आता आमच्याकडचं. गर्टीचा नवरा, संगीतकार वॉल्टर कॉफमन, त्याला तू त्याने बांधलेल्या आकाशवाणीच्या धुनेपाशी सोडून दिलं आहेस. तंबोऱ्यावरची ती व्हायोलिनची सुरावट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पानं तिच्यातच गेली. पण गोंड आणि बैगा लोकगीतांवरचा त्याचा लेख ‘म्युझिकल क्वार्टर्ली’त आला तो १९४१ सालीच. ज्या वर्षी त्याच्या सासूला गाडीत बसवलं, त्याच वर्षी. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९६० च्या सुमारास त्याने हिल मारिया आणि मुरियांच्या गाण्यांवर, वाद्यांवरही लिहिलं. हिल मारिया म्हणजे आपले माडिया, भामरागडच्या पलीकडे अबुझमाडात राहणारे. इतक्या लांबून आलेला हा माणूस आपल्या रानातली गाणी स्वरलिपीत उतरवत होता. सासूची गाडी आणि १९४१ चा तो लेख एकाच पानावर घे. मात्र ‘एकीकडे मृत्यू, दुसरीकडे संगीत’ असला उमाळा जोडू नकोस. वर्ष लिहिलंस की वाचक दोन्ही ओळी आपणच शेजारी ठेवील.

ते लेख मुंबईच्या एखाद्या ग्रंथालयात मिळाले तर त्यांच्या प्रती मला पाठव. गाणाऱ्यांची नावं, गावं दिली आहेत का ते आधी बघ. वैनगंगेपलीकडची काही मुलं माझ्याकडे वाचायला येतात. त्यांच्या आज्या अजून रेला गाणी म्हणतात. आपल्या गाण्यांसारखी गाणी इतक्या लांबच्या माणसाने कान देऊन ऐकली, हे त्यांना छापलेल्या पानावर दाखवायचं आहे.

दुरुस्त केलेलं प्रकरण टपालानेच पाठव, पडद्यावर माझे डोळे दुखतात.

तुझी,
कुंदामावशी