मनमाडला आजा नव्हता

मनमाडला उतरलो ते आत्याला भेटायला. खोटं कशाला बोलू, आत्या निमित्त होती. मला आज्याची गोष्ट पक्की करून घ्यायची होती. वीस-बावीस वर्षं ती मी सभांतून सांगत आलोय. १२ फेब्रुवारी १९३८ ला बाबासाहेब मनमाडला आले, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, आणि माझा आजा मांडवात पुढं बसला होता. एवढं बोललं की टाळ्या पडायच्या. आज्याला. म्हणजे मलाच.

मनमाड हे आधी जंक्शन, मग गाव. एक लाईन मुंबई-भुसावळ. दुसरी येवल्यावरून दौंडला जाते. तिसरी तेव्हाच्या औरंगाबादकडून निजामाच्या मुलखात गेलेली. ती आधी मीटर गेज होती. म्हणजे एका गाडीतला माल उतरवायचा, दुसऱ्या गाडीत चढवायचा. माणसंही तशीच. ह्या चढ-उतारावर गाव वाढलं. पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना आला. लांबून हडबीच्या शेंडीचा सुळका दिसतो, अंगठा उभा केल्यासारखा. हौशी लोक येतात, जुन्या इंजिनांच्या गोष्टी करतात, वारसा म्हणतात. म्हणोत. त्यांच्या फोटोत रूळ असतात, रूळ बसवणारा नसतो.

आत्याचं घर लाईनीपल्याडच्या वस्तीत. दारातच पाण्याचे ड्रम. टंचाई मनमाडच्या पाचवीला पुजलेली. पंधरा-पंधरा दिवसांनी नळ यायचा, अशी कित्येक वर्षं ह्या बाईनं काढली. मला म्हणाली, पाय धू, पण बेतानं.

चहा झाल्यावर मी विषय काढला. आत्या माझ्याकडं बघतच राहिली.

"कोन म्हनलं तुला, तुजा आजा सभेला गेल्ता?"

"दादा सांगायचे."

"तुज्या बापाला तसं वाटायचं. गँगमधली समदीच जायची म्हनत व्हती. मग लाईन कोन बगनार? सभा हाय म्हनून गाड्या थांबत्यात व्हय? आन् मी तवा आईच्या पोटात. बा म्हनला, तुमी जा, म्या ऱ्हातो."

मी गप्प. आत्या बोलतच होती. दोन दिवस आजा कंदील आणि झेंडी घेऊन नांदगावच्या अंगाला लाईनीवर फिरत होता. भुसावळकडून, चाळीसगावकडून आपली माणसं गाड्या भरून येत होती. डब्यातून बाबासाहेबांचा जयजयकार ऐकू यायचा. आजा रुळाच्या कडेला उभा राहून हिरवी झेंडी दाखवायचा. लाईन ठीक आहे, जाऊ द्या, एवढाच तिचा अर्थ.

सभेहून परतलेल्यांनी रात्री गँगच्या चाळीत सगळं सांगितलं. आत्या तेव्हा जन्मालाही आली नव्हती, पण बापाच्या तोंडून दहा वेळा ऐकलेलं.

"पोर्टर आपल्याला का करत न्हाईत, ते सायबानं सांगितलं म्हनं. पोर्टर म्हंजी मास्तरच्या घरचा गडी. पानी भरनार, भांडी घासनार. तितं आपला हात कसा चालंल?"

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. बाबासाहेबांनी त्या परिषदेत रेल्वेतली जात उघडी करून दाखवली. अस्पृश्यानं गँगमन म्हणून लागायचं आणि गँगमन म्हणूनच मरायचं. कारखान्यात तो फिटर होत नाही, मेकॅनिक होत नाही. पोर्टरचं तर आत्यानं सांगितलंच. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथंच मांडलं. आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, ती कुठल्याही जातीत शिरते, हेही सांगितलं. आपले काही कार्यकर्ते ह्यातला पहिला शत्रू घेऊन घरी जातात, डावे मित्र दुसरा घेऊन जातात. पोर्टरची गोष्ट कुणीच नेत नाही. ती अडचणीची आहे. ती विचारते की कामगार एक म्हणता, मग ह्या कामगाराच्या हातचं पाणी का चालत नाही?

"मग आजा काय म्हनला?" मी विचारलं.

"हसला म्हनं. म्हनला, हे तर मला ठावं व्हतं. पन चारचौघात बोलणारा आज भेटला."

आजा रिटायर झाला तोही गँगमनच. बाप कारखान्यात खलाशी लागला आणि फिटर होऊन बाहेर पडला. मी रेल्वेच्या पासावर कॉलेज केलं. गँगमनचा पुढं ट्रॅकमन झाला, आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदललं, थंडीच्या रात्री रूळ तडकतो ते बदललं नाही. कुणीतरी बॅटरी घेऊन चालतोच.

परतताना वाटेत एका स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली. समोरच्या रुळात एक बाई पाईपनं घाण धूत होती. ठेकेदाराचं जाकीट अंगात, पायात साध्या चपला. आडनाव विचारायचं तोंडावर आलं होतं. नाही विचारलं, ते बरं केलं. रजा मिळते का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "आलं तर पैसे, नाही आलं तर नाही." आणि माझ्या पायांकडं पाणी उडू नये म्हणून पाईप वळवला.

रात्रभर मला स्वतःची लाज वाटत होती. आजा सभेला नव्हता ह्याची नव्हे. मी त्याला लाईनीवरून उचलून मांडवात नेऊन बसवला होता, कारण मांडवातला आजा मला जास्त कामाचा होता.

गेल्या महिन्यात वस्तीतल्या बैठकीत मी ही गोष्ट जशी घडली तशी सांगितली. टाळ्या पडल्या नाहीत. मागून एक पोरगा उठला. म्हणाला, माझे वडील ट्रॅक मेंटेनर आहेत, आज रात्रपाळी लागली म्हणून आले नाहीत. त्यांच्यासाठी ह्या अंकाची एक प्रत बाजूला काढून ठेवायला सांगितलीय. पाळी सुटली की पोरगा घेऊन जाईल.