हत्ती आणि मुंगी

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. कंपवाताची रीत मात्र उलटी आहे. तो मुंगीच्या पावलांनी येतो, आणि कधी कधी त्याची पहिली पावले रोग्याच्या हस्ताक्षरातच उमटतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या विकारावर निबंध लिहिला. पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. या विकारात मेंदूतील डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नाहीशा होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, पाऊल आखूड पडते आणि अक्षरही लहान होत जाते. ओळीच्या आरंभी हत्तीएवढे असलेले अक्षर ओळ संपता संपता मुंगीएवढे होते!

ज्यांनी ४० वर्षे मुलांकडून कित्ते गिरवून घेतले, अशा एका वृद्ध गुरुजींना हा विकार जडला. आपले अक्षर पाहून त्यांना फार लाज वाटे. त्यांनी पत्रे लिहिणेच सोडले. स्नेह्यांची पत्रे उत्तरावाचून पडून राहू लागली.

एके दिवशी ते सामानाची यादी घेऊन वाण्याकडे गेले. वाणी त्यांचाच जुना विद्यार्थी. यादीच्या शेवटाशी तो अडला आणि सहज बोलून गेला, “गुरुजी, येथे मोहरी लिहिली आहे, की सांडली आहे?”

दुकानातील माणसे एकदम गप्प झाली. वाण्याने जीभ चावली. पण गुरुजीच खळखळून हसले. म्हणाले, “लिहिलीच आहे रे! जिन्नस जेवढा, तेवढेच अक्षर काढले!” मग सारे दुकान हसले.

त्या हसण्याने विकार बरा झाला नाही. लाज मात्र गेली. गुरुजींनी दुरेघी वही आणली. डोळ्यांपुढे रेघा असल्या की अक्षराचा आकार पुष्कळसा टिकतो. धाकट्या नातीशेजारी बसून ते रोज एक पान लिहू लागले. “आजोबा, तुमचा ‘क’ खालच्या रेघेला टेकत नाही,” असे ती बजावी. “म्हातारा झाला तो, त्याला वाकवत नाही,” असे गुरुजी म्हणत, आणि पुन्हा ‘क’ काढीत. पडून राहिलेल्या पत्रांना उत्तरे गेली. प्रत्येकाच्या माथ्यावर सूचना असे : ‘वाचताना भिंग जवळ ठेवावे.’

दुसऱ्याच्या व्यंगाला हसू नये, हे खरेच. पण ज्याचे व्यंग तोच आधी हसला, तर त्याला एकट्याला हसू देऊ नये.