खालाचे पिंप आणि नवाशाचे मैदान

वाशीम स्टेशनवर उतरून एसटी धरली की तास-सव्वा तासात रिसोड येते. मे महिन्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी काळी शिवारे दिसतात. सोयाबीन आणि तूर केव्हाच घरी किंवा बाजारात पोचलेली असते. जुनी माणसे सांगतात, ऋषिवट या नावाचे रिसोड झाले. पैनगंगा तालुक्यातून वाहते, पण उन्हाळ्यात तिच्याकडे बघून कुणी तहान भागण्याची आशा धरत नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 34 हजारांच्या घरात होती. आमच्या खालाला मात्र वाटते, ती सगळी माणसे तिच्याच गल्लीत राहतात.

खालाच्या अंगणात दोन निळी पिंपे, तीन हंडे आणि वुजूसाठी वेगळा भरून ठेवलेला लोटा असतो. लहानपणी विहिरीवरून डोक्यावर पाणी आणलेली बाई ती. नळ घरात आला तरी दिसेल ते भांडे भरून ठेवायची सवय तिला सुटलेली नाही. पाहुणा सलाम करून बसला की आधी चहाचे नव्हे, पाण्याचे विचारते.

या वेळी जेवताना तिचा चौदा वर्षांचा नवासा मला म्हणाला, "मामू, रिसोडला मोठं स्टेडियम पाहिजे. गॅलरी, लाइट, सगळं!"

खालाने भाकरी थापता थापता मान वर केली. "आधी नळ आणि नाली, बेटा. मग तुझी गॅलरी."

पोरगा हिरमुसला. मला दोघांचेही पटत होते, म्हणून मी गप्प जेवलो.

पण कायद्याने खालाचीच बाजू घेतली आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम 1965 नगरपरिषदेची कर्तव्ये दोन गटांत मांडतो. पिण्याचे पाणी, नाल्या, सफाई, रस्त्यावरचे दिवे ही बंधनकारक. बागा, वाचनालये, सभागृहे अशी कामे ऐच्छिक. प्रेक्षकांच्या गॅलरीचा थाट कुठल्या बाजूला बसेल, हे सांगायला वकील लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगानेही 2021 ते 2026 या काळासाठी दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांच्या अनुदानात 30 टक्के पिण्याच्या पाण्याला आणि 30 टक्के स्वच्छतेला बांधून दिले. उरलेल्या 40 टक्क्यांत बाकीचा संसार.

तालुका क्रीडा संकुलाचा पैसा वेगळा असतो. तो राज्याच्या क्रीडा खात्याकडून येतो. आधी मर्यादा 1 कोटी होती, ती पुढे 5 कोटी झाली. त्यामुळे संकुल झाले म्हणजे नळाचेच पैसे पळवले, असा आरोप करणे बरोबर नाही. खरी अडचण नंतर येते. भिंत एकदा बांधून होते. गवत, पाणी, वीज, चौकीदार दर महिन्याला लागतात. उद्घाटनाला मंडप घालणारे पुष्कळ भेटतात, बिल भरणारा शोधावा लागतो.

पाणी आणि खेळ यांची गाठ 2016 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर लाखो लिटर पाणी मारण्याविरुद्ध याचिका चालू होती. न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. पुढे पुण्यातल्या एका सामन्याला सूट मिळाली. अंतिम सामना मात्र मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. सामने हलले म्हणून लातूरच्या नळाला पाणी आले नाही, हेही खरे. तरी आधी कुणाची तहान, हा प्रश्न भर कोर्टात विचारला गेला, याचे मला समाधान वाटले.

नवाशाच्या बाजूनेही बोलायला हवे. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 मध्ये उभे केले, आणि त्याच राजाने राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. आखाडाही, धरणही. धरण पूर्ण व्हायला पुढे कित्येक वर्षे लागली, पण त्याचा विचार आखाड्यासाठी मागे ठेवला नव्हता. आणि खासबाग शंभर वर्षांनंतरही ओस पडले नाही, कारण कुस्ती कोल्हापूरच्या घराघरांत आधीच होती.

रिसोडच्या पोरांच्या अंगात क्रिकेट आहेच. संध्याकाळी त्यांचा खेळ बघायला गेलो. पीक निघालेले शेत, विटांचे स्टंप, ढेकळावरून कशीही उसळणारी टेनिस बॉल. इथे गॅलरीची उणीव मला जाणवली नाही. सपाट केलेली जमीन, एक नळ, सावलीला दोन झाडे आणि मुलींनाही निर्धास्त येता येईल असा दिवा, एवढे झाले तरी पुष्कळ. मुलींचे मी मुद्दाम लिहितो आहे. त्या शेतात एकही नव्हती.

परतताना मी नवाशाला विचारले, "गॅलरीत बसून बघणार कोण रे?"

तो जरा थांबला. "नानी आली असती."

मगरिबची अजान होत होती. दारात खाला उभी होती. पोराने तिच्या हातातला तांब्या घेऊन उभ्यानेच तोंडाला लावला. "बसून पी," ती ओरडली आणि मग हळूच विचारले, "किती रन काढलेस?"